सायकलची बंडी

माणूस भेटला की लोक नमस्कार करतात, हात मिळवतात, निदान "काय म्हणता" एवढं तरी विचारतात. आमचे भूगोलाचे सर समोरच्याच्या अंगावरच्या कपड्याचं टोक धरायचे, ओठांना लावायचे आणि त्यातून फुंकर मारायचे. पलीकडून स्वतःचा तळहात धरलेला. फुंकर तळहाताला लागली की मान हलवून निकाल द्यायचे, "जाते. हवा जाते." नाही लागली तर चेहरा खुलायचा. "नाई जात! कुठून घेतला?" शाल असो, स्वेटर असो, उपरणं असो, माणूस ओळखीचा असो की नसो, त्यांना काही फरक पडत नसे. बायामाणसांच्या वाटेला तेवढे जात नसत. बाकी सिहोऱ्याच्या बाजारातल्या निम्म्या पुरुषांची कापडं त्यांनी फुंकून पाहिली असतील.

एकदा आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत तपासणीला मोठे साहेब आले. तपासणी झाली, सत्कार झाला. शाल-नारळाचं तबक धरायचं काम सरांकडे होतं. मुख्याध्यापकांनी शाल उचलायच्या आधी यांनीच उचलली, टोक तोंडाला लावलं आणि भर सभेत फुंकर मारली. पोट्टे खी खी करायला लागले. सर अगदी गंभीर चेहऱ्याने साहेबांना म्हणाले, "साहेब, हे घरातल्या घरात वापरजा. सायकलवर नोका घालू." साहेब जीपनं आले होते. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्याचा रंग मी पाहिला, कारण मी मागेच हजेरीपट घेऊन उभा होतो. मी त्या शाळेचा बाबू. म्हणजे पगारबिलं, दाखले, शिक्के, सगळं माझ्याकडे.

सर आमच्याकडे आले भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्यानंतर. त्यांचं गाव गोंदियाच्या वाट्याला गेलं आणि ते स्वतः मात्र भंडाऱ्यात राहिले. त्यांच्या वर्गात जुन्या, अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता. तो काढून नवा लावा, असं मुख्याध्यापक दर महिन्याला सांगायचे. सर म्हणायचे, "कागद बदलून का होते? पूसची थंडी दोन्हीकडे सारखीच पडते." मग त्यांनी जुन्या नकाशावरच खडूनं मधोमध रेघ मारली. ती पुसली जायची, मग पुन्हा मारायची. दरवेळी थोडी वेगळी यायची. कधी एखादं गाव इकडे, कधी तिकडे. पोरांनी विचारलं तर म्हणायचे, "आज त्याइले भंडाऱ्यात राहू दे."

खोली केली होती बपेऱ्याला. बायको-मुलं तिकडे गावी, सुट्टीत जाऊन यायचे. बपेरा म्हणजे मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेलं. सिहोऱ्यात खोल्या मिळत होत्या, मी स्वतः एक दाखवली होती. तर म्हणाले, "बाबू, शाळेजवळ राहिलो तं सायकल कवा चालवू?" रोज सकाळी बपेऱ्याहून सायकलनं यायचे, थंडी असो, धुकं असो. आम्ही बाकीचे स्टाफरूममध्ये कान झाकून शेकत बसायचो आणि हे दारातून यायचे कोरडे ठणठणीत, गाल लाल झालेले आणि चेहऱ्यावर असा आनंद की बघवत नसे.

त्यांचा हिवाळ्यातला वेश वर्णन करून सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरून झालं. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून त्यांनी गुडघ्यांवर चढवलेल्या असायच्या, पॅंटच्या आतून. हातात अंगठ्यापुरतं भोक पाडलेले पायमोजे. कानांवरून घोंगडीची एक पट्टी, डोकं मात्र उघडं. "डोस्क्यातून वाफ निघाली पाहिजे," हा त्यांचा सिद्धांत. छातीवर, बनियानच्या वर आणि शर्टाच्या आत, वर्तमानपत्र. तेही आजचं नाही. एकदा गडबडीत आजचं घातलं तर शाई ओली, सगळी बनियानवर उमटली. दुपारी त्यांनी शर्टाची बटणं सोडून आम्हाला ती उलटी बातमी वाचून दाखवली. तेव्हापासून नियम केला, आजचा पेपर वाचायचा, परवाचा घालायचा.

आणि या सगळ्यावर त्यांची ती बंडी. समोरची बाजू छत्रीच्या काळ्या कापडाची, मागची बाजू जुन्या धोतराची. हातानंच शिवलेली, टाके वाकडे. समोरून पाहिलं तर छत्र्या दुरुस्त करणारा, मागून पाहिलं तर दवाखान्यातून पळून आलेला. लोक हसायचे. मीही हसायचो. सर समजावून सांगायचे, "थंडी समोरून येते ना? मंग समोर असं पाहिजे का हवा नाई गेली पाहिजे. घाम पाठीले येते ना? मंग मांगून हवा गेली पाहिजे. सारे लोकं उलटं करतेत. चारी बाजूनं बांधून घेतेत अन् आतमधी शिजतेत."

नवख्या माणसाला ते एकच गोष्ट पहिल्यांदा सांगायचे. "घरून निघतानी दारात थंडी वाजली पाहिजे. वाजलीच पाहिजे! दारात बरं वाटलं तं समजून जा, आज भिजून पोहोचता." हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल. मी तेव्हा एसटीनं जायचो. मला काय करायचंय, असं म्हणून ऐकून सोडून द्यायचो.

आता माझ्या बाबांविषयी सांगायला हवं.

तुमसरला विणकरांच्या मोहल्ल्यात आमचं घर. बाबांनी आयुष्यभर हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणलं. मी शिकलो, शाळेत बाबू झालो, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून कधी बसलो नाही. याचं त्यांना दुःख होतं का, मला माहीत नाही, कारण ते कधी बोलले नाहीत. तसे पहिल्यापासून अबोल. आई गेली आणि त्यांनी माग बंद केला, त्यावर पोतं टाकलं आणि ओट्यावर उन्हात बसायला लागले. मी संध्याकाळी घरी आलो की, "आला?" "हाव." "गाडी भेटली होती?" "हाव." झालं आमचं बोलणं. रोजचं. मी आपला समजून चाललो होतो, की या माणसाकडे बोलणंच नाही. ज्याच्याकडे नाहीच, त्याच्यावर रागवायचं काय?

एका रविवारी सर तुमसरला आले, सायकलनंच, आणि माझं घर शोधत दारात उभे राहिले. मी न्हाणीत होतो. डोक्यावर पाणी घेताना मला बाहेरून एक हसणं ऐकू आलं. कोणाचं ते ओळखता येईना. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर सर ओट्यावर बाबांशेजारी बसलेले, बाबांच्या खांद्यावरच्या शालीचं टोक यांच्या तोंडाला, आणि पलीकडून तळहात धरलाय बाबांनी. आणि हसतायत बाबा. मी चौतीस वर्षांचा होतो तेव्हा, आणि वडिलांचं हसणं मला ओळखू आलं नव्हतं.

"गुरुजी, असं नसते पाहत," बाबा सांगत होते. "फुंकून अर्धच समजते. कापड गालाले लावून पाहा लागते. गाल खोटं नाई सांगत."

एवढं लांब वाक्य! मी दारातच उभा राहिलो. दोघांपैकी कोणाचंही माझ्याकडे लक्ष गेलं नाही. थंडीनं मी कुडकुडत होतो, पण आत जाववेना. बायकोनं हाताला धरून आत ओढलं तेव्हा गेलो.

त्या दिवसापासून दर रविवारी. बपेऱ्याहून तुमसर म्हणजे सिहोऱ्याच्या पुढे आणखी पंधराएक किलोमीटर. हा माणूस एवढं अंतर सायकल हाणत यायचा तो माझ्या बापाशी गप्पा मारायला. मी असलो तर, "बाबू, बरे हा ना?" एवढं विचारून थेट बाबांच्या बाजूला. मग सूत, ठोक, ऊब, वारा. बाबा सांगायचे, मी ज्या गोष्टी कधी ऐकल्या नव्हत्या त्या. लग्नात आईसाठी त्यांनी स्वतः विणलेलं पातळ, त्याच्या काठात त्यांची चूक राहिली होती आणि आईनं ती चूक कोणाला दिसू नये म्हणून तो काठ कायम आत खोचला. माझ्या आईची गोष्ट! ती मला या घरात कळली ती सरांना सांगताना, मी आतल्या खोलीत भाजी निवडत बसलो असताना.

जळायचो मी. उगाच सोज्वळपणा नको. रविवारी सकाळी सायकलची घंटा ऐकली की भाजी घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायचो. सोमवारी शाळेत त्यांचं तोंड पाहवत नसे. दाखल्यावर त्यांची सही हवी असली तर शिपायाच्या हातून पाठवायचो. बायको एकदा म्हणाली, "तुमाले का होते त्याच्या येण्यानं? बाबाजी बोलून राहिले, जेवून राहिले, चांगलंच हाय ना." मी म्हणालो, "मला काही होत नाही." ती म्हणाली, "दिसते ना मले." आणि पोळ्या लाटायला लागली.

मग एका रविवारी बाबांनी मागावरचं पोतं काढलं. ठरलं असं, की छत्रीचं कापड आणि धोतर जोडून शिवलेली बंडी खरी नाही. बाबा एकाच ताण्यावर, म्हणजे त्याच उभ्या धाग्यांवर, सलग कापड विणून देणार. पहिला हात-दीड हात समोरचा, घट्ट. मग तिथूनच पुढे मागचा, विरळ. खांद्यावर जोडच नाही. घरात कोशाचं सूत उरलेलं होतं. घट्ट भागासाठी आडवा धागा ठोकणारी फणी दोनदा जोरानं ओढायची, विरळ भागासाठी एकदाच आणि तीही हलक्या हातानं. एवढंच तंत्र, पण ते हाताला कळावं लागतं, असं बाबा म्हणत होते.

खटक-खट, खटक-खट. माझ्या लहानपणी घरात हाच आवाज दिवसभर असायचा. तो परत आला. आठवडाभर बाबा विणायचे आणि रविवारी सर येऊन मागावरच वाकून कापडाला तोंड लावायचे. खालून बाबा हात धरायचे.

"लागते का?"

"लागते थोडीशी."

"मंग अजून ठोका, बाबाजी."

"ठोकतो ना. तुम्ही दम धरा." आणि दोघं हसायचे.

मी ठरवलं, की आपणही सायकलनं शाळेत जायचं. कारण विचाराल तर तब्येत, व्यायाम, एसटीचा भरोसा नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की बाबा रोज संध्याकाळी "गाडी भेटली होती?" विचारायचे, त्याऐवजी त्यांनी सायकलचं काहीतरी विचारावं. गालाला कापड लावून दाखवावं. सरांना विचारून कपडे घालणं तर माझ्या मानी स्वभावाला शक्यच नव्हतं. मी नागपूरला गेलो आणि रेक्झिनचं जाड जॅकेट घेऊन आलो, आतून लोकर लावलेलं.

पहिला दिवस. पूस महिना, धुक्यात समोरचं लिंबाचं झाड दिसत नव्हतं. मी दोन बनियान घातल्या, शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, त्यावर ते जॅकेट, मफलर, माकडटोपी. दारात उभा राहिलो तर काय ऊब! वा, मी म्हटलं, याला म्हणतात कपडे. ओट्यावरून बाबा बघत होते. मी मुद्दाम घंटा वाजवून निघालो.

गाव संपेपर्यंत झकास. शेतातल्या लाखोळीच्या बांध्या लागल्या तोवर पाठीवरून घामाचा ओघळ सुटला. पुढे मफलर सोडला, मग माकडटोपी, ती कॅरियरला अडकवली आणि कुठे पडली देव जाणे. जॅकेटची चेन उघडली तर गार वारा ओल्या शर्टावर असा बसला की जीव कळवळला. बंद केली की पुन्हा शिजायला लागलो. उघड, लाव, उघड, लाव. कालव्यापाशी उतरून जॅकेट झाडलं तर आतली लोकर ओली चिंब. आणि एवढ्या कपड्यांत हातमोजे मात्र नव्हते. ते सुचलेच नाहीत. बोटं अशी बधिर झाली होती की ब्रेक दाबता येत नव्हता. शाळेत पोहोचलो तेव्हा माझे दात वाजत होते आणि कपाळावर घाम होता. मुलं रांगेत उभी राहून बघत होती.

सर धावत आले. जॅकेटचं टोक धरलं, ओठाला लावलं, फुंकर मारली. मग मागे गेले आणि पाठीकडून मारली. "बाबू," ते हळहळून म्हणाले, "हे तं दोन्हीकडून नाई जात हो." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. असती तर मी सहन केलं असतं.

दोन दिवस तापानं अंथरुणात. रविवारी सर आले, माझ्यासाठी लिंबू घेऊन. बाहेर ते बाबांना सगळी हकीगत सांगत होते आणि मला आत प्रत्येक शब्द ऐकू येत होता. शेवटी बाबांचा आवाज आला, "विणकराच्या घरचा पोरगा, अन् कापड समजत नाई!" आणि दोघं हसले. आता इतक्या वर्षांनी मला कळतं की त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तेव्हा मात्र मी उशीत तोंड खुपसून रडलो. ताप होता, असं म्हणा.

पुढच्या शनिवारी शाळा सुटताना सर म्हणाले, "उद्या येतो, बाबाजीले सांगजा. समोरचा भाग झाला, आता मांगचा सुरू होते."

मी म्हणालो, "सर, एक सांगायचं होतं. बाबा म्हणत होते, आता येऊ नका. त्यांना दमायला होतं. तुमच्या समोर बोलता येत नाही त्यांना. तू सांग म्हणाले मला."

माझ्या तोंडून हे इतकं सफाईनं निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." कानावर पट्टी बांधली आणि सायकलवर बसून गेले.

रविवारी बाबा सकाळीच अंघोळ करून बसले होते. दहा वाजले, अकरा वाजले. "गुरुजी नाई आला?" "काम असेल." दुसऱ्या रविवारी, "आज तरी येईल." आला नाही. मागावर कापड तसंच ताणलेलं. घट्ट भाग संपून विरळ भागाच्या दोन-चार ओळी झालेल्या, तिथंच थांबलेलं. तिसऱ्या रविवारी बाबांनी कोणाची वाट पाहिली नाही. मागावर पोतं टाकलं आणि उन्हात जाऊन बसले. जेवायला बोलावलं तर अर्ध्या भाकरीवर उठले.

जिंकलो होतो मी. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं होतं. "आला?" "हाव."

त्याच संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. मी ओट्याच्या पायरीवर बसलो. ते हाताची बोटं चोळत राहिले.

"तू काही बोलला का बा त्याले?"

"नाही," मी म्हणालो. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून.

"मंग माह्यंच चुकलं," बाबा म्हणाले. "मी त्याले म्हणलो होतो, गुरुजी, तुम्ही फुंकत राहा, तुम्हाले कापड कवाच समजायचं नाई. हासून म्हणलो होतो. पण मास्तर माणूस. लागलं असंन त्याले." मग म्हणाले, "मले बोलता येत नाई कोणासंग. म्हणून तं मी बोलत नाई."

मी तिथून उठलो आणि विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या बापाला मी हे करायला लावलं होतं. एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं, तर ते उघडल्याबद्दल स्वतःला दोष देत बसला होता, आणि आता पुन्हा कधी उघडणार नव्हता. हेच हवं होतं का मला?

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी सकाळीच सायकल काढली. दारात उभं राहून कपडे घातले. एक बनियान, परवाचा पेपर, शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर. जुन्या स्वेटरच्या बाह्या बायकोकडून कापून घेतल्या होत्या, त्या गुडघ्यांवर. हातात पायमोजे. कानाला पट्टी. दारात थंडी वाजत होती, चांगलीच. वाजू दे म्हटलं.

"बपेऱ्याला जाऊन येतो," मी बाबांना म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "गुरुजीले सांगजो, माह्याकडून काही कमीजास्त झालं असंन तं..."

पुढचं मी ऐकलं नाही, टांग मारली आणि निघालो. गाव संपलं तशी अंगात हलकी ऊब आली आणि ती पार सिहोऱ्यापर्यंत तशीच राहिली. ना घाम, ना हुडहुडी. छाती कोरडी, बोटं माझी, ब्रेक माझे. सिहोरा मागे पडलं, पुढे बपेऱ्याचा रस्ता. आयुष्यात पहिल्यांदा मी नेमके कपडे घातले होते, तेही असलं तोंड घेऊन जायच्या दिवशी. सुखानं सायकल चालली होती आणि मनातून मी मेल्यात जमा होतो.

सर खोलीच्या दारात उन्हात बसून तांदूळ निवडत होते. मला पाहिलं, उठले आणि सवयीनं माझ्या स्वेटरकडे हात नेला. मग मध्येच हात मागे घेतला. तो मागे घेतलेला हात मला फार लागला.

"सर, बाबा तसं काही म्हणाले नव्हते," मी उभ्याउभ्याच म्हणालो. "मी खोटं बोललो."

"माहीत हाय," ते म्हणाले आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसले.

"माहीत आहे?"

"बाबाजी असं बोलतच नाई. तोंडावर बोलते तो माणूस."

"मग तुम्ही का आला नाहीत?"

त्यांनी एक खडा बाजूला काढला. "बाबू, बाप कोणाचा हाय? तुमचा. पोरगा म्हणते नोका येऊ, तं मी कोण होतो येणारा?"

मी जमिनीवर बसलो. ते म्हणाले, "राग नाई आला असं नोका समजू. भल्ला आला. मागच्या हप्त्यात शाळेचा शिक्का हरवला होता ना तुमचा? दोन दिवस कपाटं उचकून राहिले होते?"

"हो."

"म्याच लपवला होता," सर म्हणाले. "नकाशाच्या मांग."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या माणसाचा पुन्हा हेवा वाटला. राग आला तर हा शिक्का लपवतो. मी काय केलं होतं?

दोघं सायकलनं परत आलो. ते पुढे, मी मागे, वाटेत फारसं बोललो नाही. घरी पोहोचलो तेव्हा बाबा ओट्यावरच होते. सरांना पाहून उभे राहिले. पायरी उतरताना त्यांचा हात भिंत शोधत होता. "गुरुजी, माह्यं काही..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा," मी मध्येच म्हणालो. मोठ्यानं, कारण हळू बोललो असतो तर जमलंच नसतं. "तुमचं काही नाही. मीच यांना येऊ नका म्हणालो होतो. तुमचं नाव घेऊन. काल तुम्ही विचारलं तेव्हाही खोटं बोललो."

बाबांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहून?"

बायको दारात येऊन उभी राहिली होती. सर सायकलच्या चेनशी उगाच खाटखुट करत होते. मला खाली बघूनच बोलता आलं. "तुम्ही यांच्याशी बोलता. माझ्याशी नाही बोलत. आईच्या पातळाची गोष्टसुद्धा यांना सांगितली."

बाबा रागावले नाहीत, जवळही घेतलं नाही. आमच्या घरात तसं काही होत नाही. आत गेले, मागावरचं पोतं ओढून काढलं आणि खड्ड्यात पाय सोडून बसले. थोड्या वेळानं खटक-खट सुरू झालं. सर आत जाऊन खाटेवर बसले. मी ओट्यावरच थांबलो. मला कोणी आत ये म्हणालं नव्हतं.

थंडी उतरायच्या आत बंडी झाली. समोरून कोशाची घट्ट, पाठीकडे पोत इतका विरळ की पलीकडचं बोट दिसावं. सरांनी ती घातली, अंगणात सायकलच्या दोन फेऱ्या मारल्या आणि खाटेवर बसून घेतलं. फुंकर नाही मारली, बंडीचं टोक गालाला लावलं. बाबांच्या तोंडावर असं समाधान होतं, की मी पुन्हा जळलो. जळणं गेलं नव्हतं. कबुली दिल्यानं जातं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण या वेळी मी भाजी निवडायला आत गेलो नाही. बाबा बसले होते त्या मागाजवळ जाऊन उभा राहिलो.

"बाबा, मलाही एक पाहिजे," मी म्हणालो.

"का पाहिजे?"

"बंडी. सायकलची. तुमच्या हातची."

बाबांनी माझ्याकडे वर पाहिलं. मी त्यांच्याकडे शेवटचं काही मागितलं होतं ते कधी, याचा विचार करत होते की काय कोण जाणे. मीही तोच करत होतो आणि मला आठवत नव्हतं. मग ते खड्ड्यातून हळूच वर आले, गुडघे झटकले.

"इकडं ये. सरळ उभा राय."

मी उभा राहिलो. त्यांनी वीत पसरली आणि माझ्या छातीवर ठेवली, काखेपासून मोजायला. एक वीत, मग अंगठा तिथंच रोवून दुसरी. सुतानं चरे पडलेली बोटं शर्टावरून खरखरत जात होती.

"हलू नको," ते म्हणाले.

"बाबाजी, मांगून चांगली सैल ठेवजा," खाटेवरून सर म्हणाले. "याले घाम बहुत येते."

उत्तर अगदी ओठावर आलं होतं. चांगलं झोंबेल असं. पण छातीवर बाबांची वीत होती आणि हलू नको म्हणून त्यांनी सांगितलं होतं. मी हललो नाही.